सोनगीरहून कल्पनानगरीस

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून उत्तरेस निघाले म्हणजे सुमारे वीस किलोमीटरांवर सोनगीर लागते. बेताच्या उंचीची एक टेकडी, टेकडीवर पडक्या तटाचा किल्ला, आणि खाली तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नावाजलेले गाव, एवढी ओळख वाचकांस पुरे व्हावी. किल्ल्याने फारुकी, मोगल, मराठे असे धनी पाहिले आणि १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. वर एक खोल दगडी विहीर आहे. तीत खडा टाकून आवाज ऐकू येईपर्यंत अंक मोजावयाचे, हा आमच्या बाळपणीचा खेळ होता. आमचा वाडा ह्याच टेकडीच्या सावलीत आहे. असे असता केवळ करमणुकीसाठी चारशे किलोमीटर दूर जाऊन तेथे एक बनावट किल्ला पाहण्याची गरज आपणांस का पडावी, असा प्रश्न आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, निघण्यापूर्वीच विचारला होता. त्यास कोणीही उत्तर दिले नाही. मुलांनी बेत पक्का केला होता, आणि मुलांच्या बेतापुढे हल्ली वडील माणसांच्या प्रश्नांस उत्तर मिळत नाही.

जावयाचे ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेली ‘इमॅजिका’. अशा स्थळास इंग्रजीत ‘थीम पार्क’ म्हणतात. मराठीत त्यास सुटसुटीत नाव अद्याप रुळलेले नाही, म्हणून आम्ही येथे ‘कल्पनानगरी’ म्हणतो. ही कल्पना आपल्याकडे नवी असली तरी जगात जुनी आहे. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, ‘टिव्होली’ नावाचे करमणुकीचे उद्यान १८४३ पासून आहे. एकेका कथेभोवती सारी नगरी रचावयाची ही तऱ्हा मात्र वॉल्ट डिस्ने ह्यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात ‘डिस्नेलँड’ काढून लोकप्रिय केली. आपल्या देशात दिल्लीचे ‘अप्पू घर’ १९८४ साली निघाले आणि मुंबईजवळ गोराईस ‘एस्सेलवर्ल्ड’ १९८९ साली. आमच्या पिढीस मात्र ह्यांपैकी कशाचीच माहिती नव्हती. आमची कल्पनानगरी म्हणजे सारंगखेड्याची जत्रा. दोंडाईच्याच्या वाटेने तापीकाठी जावयाचे, दत्तजयंतीस भरलेला घोड्यांचा बाजार पाहावयाचा, आणि लाकडी रहाटपाळण्यात बसावयाचे. तो पाळणा माणसे हाताने फिरवीत. पाळणेवाला वरच्या दांडीस लोंबकळून आपल्या अंगाच्या वजनाने तो खाली आणी, आणि वर गेलेल्या मुलांस तेवढ्यात तापीचे पात्र दिसे. पैसे थोडे, भीती पुष्कळ, असा तो सौदा होता.

माईंची, म्हणजे आमच्या मातोश्रींची, संमती मिळणे हा खरा पेच होता. त्यांचे वय एकोणऐंशी. पण इमॅजिका ही खोपोलीहून पालीस जाणाऱ्या रस्त्यावर आहे, ही गोष्ट पुण्यास राहणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंनी, अण्णांनी, हेरली. पालीस बल्लाळेश्वर, खोपोलीनजीक महडास वरदविनायक. अष्टविनायकांपैकी दोन एका फेरीत होतात. तेव्हा माईंच्या लेखी ही यात्रा ठरली, मुलांच्या लेखी सहल ठरली, आणि आम्हां मधल्या माणसांच्या लेखी ती काय होती हे कोणी बोलून दाखविले नाही. खरे सांगावयाचे तर दोन वर्षांपासून वाड्याच्या वाटणीचा विषय घरात अर्धवट लोंबकळत होता. अण्णांस पुण्यात घर घ्यावयाचे होते व त्यासाठी आपला भाग मोकळा करावयाचा होता. दादांस वाड्यातील एक वीटही परक्याच्या हाती जाऊ द्यावयाची नव्हती. दिवाळीत सारे एकत्र जमले की हा विषय निघे, दोन वाक्यांत कडू होई, आणि कोणीतरी चहाचे निमित्त काढून उठे. तेव्हा यंदा घरात बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून कोठे तरी जावे, ही सूचना वहिनींची. माणसे तेरा, गाडी एक, आणि दशम्या, तिळाची चटणी व शेवेचा डबा ह्यांनी भरलेल्या पिशव्या पाच.

प्रवासाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पहाटे निघून मालेगाव, चांदवड, नाशिक असे मुक्काम न करता ओलांडले; कसारा घाटात दोन मुलांनी सकाळचे खाल्लेले परत केले; भिवंडीच्या पुढे वाहनांच्या गर्दीत दीड तास गेला, आणि वाटेतल्या एका उपाहारगृहात मिळालेला चहा माईंनी कुंडीतल्या झाडास अर्पण केला. रात्री खोपोलीस उतरलो. ह्या गावाच्या माथ्यावरील सह्याद्रीतून कोसळविलेल्या पाण्यावर टाटांचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले व तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस गेली, एवढे दादांनी मुलांस सांगितले. मुलांनी ते ऐकले, परंतु त्यांचे लक्ष दुसऱ्या दिवसाच्या नकाशावर होते.

सकाळी दारे उघडण्याच्या सुमारास आम्ही तेथे हजर झालो. एका माणसाच्या प्रवेशास हजार रुपयांहून अधिक पडतात. तेरा माणसांचा हिशेब वाचकांनी मनाशी करावा. आत शिरताच प्रथम जे जाणवते ते हे, की येथे कोणतीही वस्तू सहज म्हणून पडलेली नाही. झाड, दिवा, भिंतीवरचा पोपडा, दारावरचा गंज, सर्व काही कोणीतरी ठरवून तसे केलेले. जुनेपणा येथे रंगाने काढलेला आहे. ज्यांच्या घरी खरा पोपडा दरवर्षी चुन्याने झाकावा लागतो त्यांस हे पाहून किंचित हसू येते, पण कारागिरी मानावी अशीच आहे.

मुलांची पहिली धाव ‘नायट्रो’कडे. हा सुमारे चाळीस मीटर उंचीचा लोखंडी रुळांचा डोंगर असून त्यावरून ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने माणसे नेली जातात. आसनास खाली तळ नाही. पाय हवेत लोंबतात, आणि पाच वेळा डोके खाली होते. ह्याची रचना स्वित्झर्लंडमधील तज्ज्ञांची. मौज अशी की गाडीस स्वतःचे यंत्र नसते. साखळीने एकदा वर ओढून नेले की पुढचा सारा पराक्रम तिच्या वजनाचा. आमच्याकडे मोट चालत असे तेव्हा बैल धावेच्या उतारावर स्वतःच्या वजनाने नाडा ओढीत आणि मोट वर येई. तेच गणित येथे उलटे मांडले आहे. दादांच्या मुलाने व आमच्या दोन्ही मुलांनी हा प्रयोग केला. खाली आल्यावर तिघांचेही चेहरे पांढरे होते आणि तिघेही पुन्हा जाऊ म्हणत होते. दादांचा नऊ वर्षांचा नातू मात्र उंचीच्या खुणेस चार बोटे कमी पडला. नियम योग्यच होता, पण पहाटेपासून ज्याचे स्वप्न पाहिले त्या दारातून परत फिरणाऱ्या मुलास नियमाचे समर्थन ऐकवून उपयोग नसतो. तो रडला नाही. नुसता चपलेने जमीन उकरीत राहिला. ह्या दिवसातील पहिला खरा उदास क्षण तो होता.

त्यानंतर हळूहळू अशी गोष्ट घडू लागली की जिची आम्हांस कल्पना नव्हती. तेरा माणसे एकत्र यावीत म्हणून निघालो होतो. पण ह्या नगरीची रचनाच अशी, की ती आल्या माणसांस वयाने, उंचीने आणि हृदयाच्या जोराने वेगळी करते. तरुण एकीकडे, लहान दुसरीकडे, गुडघे दुखणारे तिसरीकडे. अकरा वाजेतो आमचे चार तट झाले होते आणि ते परस्परांस दूरध्वनीवरून शोधीत होते. जत्रेत असे होत नसे. तेथे धक्काबुक्कीत हात सुटेल म्हणून सर्वांनी एकमेकांस धरून चालावयाचे असे. येथे रस्ते रुंद, पाट्या स्पष्ट, हरवण्याची भीती नाही. आणि म्हणूनच कोणी कोणाचा हात धरीत नाही.

माईंसाठी एक बाक पाहिला व तेथे पिशव्या ठेवल्या. आळीपाळीने एकाने त्यांच्यापाशी बसावयाचे असे ठरले. आमची पाळी आली तेव्हा आजूबाजूस पाहिले, तो प्रत्येक सावलीच्या बाकावर एक वृद्ध मनुष्य आणि भोवती पिशव्यांचा ढीग! कोणी नऊवारीत, कोणी गुजराथी पद्धतीच्या साडीत, कोणी धोतरात. सगळे पिशव्यांचे राखणदार. त्यांस प्रवेशाचे पैसे पडलेले असतात, परंतु त्यांच्या वाट्यास येतो तो बाक, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, आणि दर अर्ध्या तासाने धापा टाकीत येऊन “काय मजा आली म्हणून सांगू!” एवढेच सांगून पळणारी नातवंडे. शेजारच्या बाकावरील एका बाईंनी माईंस गाव विचारले. माईंनी सोनगीर सांगताच त्या म्हणाल्या, “आमच्या लग्नातला पितळी हंडा सोनगीरचा.” मग दोघींचे तासभर जमले. हंडा, घंगाळ, परात, कल्हई, स्टीलच्या भांड्यांनी तांबटांच्या धंद्याची केलेली दशा, हे सर्व त्या अमेरिकन, अरबी व इंग्रजी देखाव्यांच्या मध्ये बसून झाले. तो तास माईंना चांगला गेला, ह्यात शंका नाही.

दुपारी ऊन चढले आणि दिवाळीच्या सुट्टीची गर्दीही. ह्या वेळी सर्वांनी मिळून एकच गोष्ट करावयाची असे वहिनींनी बजाविले, आणि माई व त्यांच्याजवळ बसलेली सूनबाई सोडून आम्ही अकराजण ‘राजासॉरस’च्या रांगेत उभे राहिलो. ह्या नावाचा प्राणी मात्र कल्पनेतला नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. गुजराथेत रहिओली गावाजवळ १९८०च्या दशकात सापडलेल्या हाडांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले, आणि ‘नर्मदेकाठचा राजा’ अशा अर्थाचे नाव त्यास दिले. कपाळावर बुटके शिंग असलेला हा मांसाहारी सरडा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वावरत होता. त्याच काळाच्या सुमारास दख्खनच्या पठारावर जमिनीतून अग्निरसाचे थरावर थर येत होते. सोनगीरची टेकडी त्याच काळ्या दगडाची; धुळे-नंदुरबारकडील जमिनीतून सरळ भिंतींसारखे निघालेले लांबच लांब खडकही त्याच उलथापालथीचे अवशेष. म्हणजे सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्याशी नाते सांगणारा हा आमचा जुना शेजारी, आणि त्याची ओळख करून घेण्यास आम्ही सह्याद्री उतरून आलो होतो. हे ऐकून चपलेने जमीन उकरणाऱ्या नातवाचा चेहरा दिवसात प्रथमच उजळला.

रांग पाऊण तासाची होती. लोखंडी कठड्यांमधून नागमोडी वळणे घेत पुढे सरकावयाचे. मागे फिरण्यास वाट नाही, चहाचे निमित्त नाही, उठून जाण्यास दुसरी खोली नाही. दादा आणि अण्णा योगायोगाने एकामागे एक उभे होते. पहिली दहा मिनिटे हवेवर गेली. पुढे अण्णांनीच हलक्या आवाजात विषय काढला. दादांनी उत्तर दिले नाही. पण रांग हलत नव्हती, त्यामुळे त्यांस जाताही आले नाही. मग दोघे बोलू लागले. आम्ही दोन माणसे मागे असल्यामुळे सारे ऐकू आले नाही, आणि जे आले ते सर्व लिहिण्यासारखेही नाही. “मला परका समजू नका, दादा,” हे अण्णांचे वाक्य ऐकू आले. त्यावर बराच वेळ शांतता होती. मग दादांनी विचारले, “पुण्याच्या घराला किती कमी पडतात?” दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रांगेच्या शेवटच्या वळणापाशी आम्हांस हाक आली व आमचे मत विचारण्यात आले. ठरले ते असे: मागील चौक अण्णांच्या नावे राहील, पण तो दादाच हप्त्याहप्त्याने घेतील, मधली माडी आमच्याकडे, आणि माईंच्या हयातीत वाड्यात एकही नवी भिंत उभी राहणार नाही. कागदावर येईपर्यंत अशा गोष्टींस काही अर्थ नसतो हे आम्ही जाणतो. कागद अजून व्हावयाचा आहे. तरी पण वाड्याच्या सोप्यावर जे दोन दिवाळ्यांत झाले नाही, ते त्या कठड्यांत उभ्याने झाले.

पुढे नाव आली. अंधार, पाण्याचा खळखळाट, दोन्ही बाजूंस जबडे उघडणारे प्रचंड सरडे, आणि शेवटी एकाएकी नाव कड्यावरून खाली सुटते. त्या क्षणी आमच्या वहिनी ओरडल्या. वाचकांस ह्यात विशेष वाटणार नाही. परंतु आमच्या घरात येऊन वहिनींस अडतीस वर्षे झाली, आणि ह्या अडतीस वर्षांत त्यांचा आवाज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून बाहेर आल्याचे आम्हांस स्मरत नाही. सासऱ्यांचे आजारपण, दोन नणंदांची लग्ने, घरातले वाद, सगळे त्यांनी मंद स्वरात निभाविले. येथे त्या अगदी मोकळ्या गळ्याने, दीर्घ, लहान मुलीसारख्या ओरडल्या. खाली आल्यावर पदर भिजलेला, केस विस्कटलेले, आणि हसू थांबत नव्हते. दादा त्यांच्याकडे असे पाहत होते, की जणू कोणी अनोळखी बाई शेजारी येऊन बसली आहे. मग तेही हसू लागले. सबंध सहलीतील सर्वांत उंच जागा कोणती असे आम्हांस कोणी विचारले, तर ती चाळीस मीटरांवर नव्हती. ती त्या नावेच्या तिसऱ्या बाकावर होती.

राहिला तो बनावट किल्ला. त्याचे नाव ‘सलीमगड’. दिल्लीस यमुनेकाठी ह्या नावाचा खरा किल्ला आहे, सलीमशाह सूरीने १५४६ साली बांधण्यास घेतलेला. हा मात्र भुतांचा. अंधारातून जाताना किंचाळ्या, सांगाडे, गार वारा, असा सरंजाम. मुले भ्याली व खूष झाली. बाहेर आल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, ह्या किल्ल्याला विहीर का नाही?” दादांचा निघतानाचा प्रश्न मनात असल्यामुळे आम्हीही थोडा विचार केला, आणि आमचे मत त्यांच्याहून निराळे झाले. ह्या खोट्या गडास रोज झाडणारी माणसे आहेत, दिवे आहेत, पहारा आहे, डागडुजी आहे. आमच्या खऱ्या गडावर काटेरी झुडपे आणि ढासळलेले चिरे. येथे माणसे हजाराहून अधिक रुपये देऊन, पाऊण तास उभी राहून आत जातात. तेथे फुकट असून पायथ्याची माणसेही वर्षानुवर्षे चढत नाहीत. दोष कल्पनानगरीचा नव्हे. तिने निदान मुलांच्या मनात किल्ला ही जाण्याजोगी जागा आहे, एवढे तरी उतरविले.

संध्याकाळी थकव्याने सर्वांचीच वृत्ती चिडचिडी झाली. खेळण्यांच्या दुकानापुढे दोन मुले रुसली, अण्णांच्या सौभाग्यवतींचे डोके दुखू लागले, आणि दुपारी कठड्यांत झालेल्या समेटावर पुन्हा एखादा शब्द निघतो की काय अशी आम्हांस भीती वाटली. शेवटची अर्धी घटका हातात होती. तेव्हा सुनेने हट्ट धरून माईंस ‘आय फॉर इंडिया’त नेले. ह्यात आसने पुढे उचलली जाऊन पाय अधांतरी राहतात, समोर भव्य पडदा, आणि देशावरून उडत जात असल्याचा भास होतो. माईंनी आयुष्यात पुणे, पंढरपूर आणि नाशिक ह्यांपलीकडे पाहिलेले नाही. बर्फाची शिखरे समोर आली तेव्हा त्यांनी हात जोडले. आम्ही शेजारीच होतो. पडद्यावरचे चित्र आहे हे त्यांस ठाऊक नव्हते असे नाही; त्यांनी तरीही जोडले.

दुसऱ्या दिवशी महड व पाली झाली. पालीच्या देवळात एक जुनी विलायती घंटा आहे. वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी ती आणून वाहिली असे सांगतात. दादांनी ती वाजवून नाद संपेपर्यंत कान लावला आणि ओतीव काम उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. सोनगीरच्या माणसास तेवढा अधिकार आहे. देवळामागे सरसगडाचा प्रचंड कडा उभा होता. मुलांस तो चढावयाचा होता, पण वेळ नव्हता.

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी दोन शब्द. खोपोलीचा पाऊस खानदेशी माणसाच्या कल्पनेबाहेरचा असतो आणि वैशाखाचे ऊनही दमट. कार्तिक ते माघ हा काळ बरा, त्यातही सुट्टीचे दिवस टाळता आले तर रांगा आखूड मिळतील. बाहेरचे खाद्य बहुतेक अशा ठिकाणी आत नेता येत नाही, तेव्हा दशम्या गाडीत ठेवून परतीच्या वाटेवर खाव्यात. आमच्या तशाच खाल्ल्या गेल्या व चांगल्या लागल्या. वडील माणसांच्या वाट्यास काय येणार हे आधी ठरवावे, निदान एक-दोन गोष्टी त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात. नाही तर ती बाकावरच दिवस काढतात, आणि तक्रारही करीत नाहीत.

परतताना कसारा घाट चढत असता माईंनी विचारले, “त्या उडणाऱ्या खुर्च्यांतून आपले खानदेश दाखवले का रे? मला दिसले नाही.” दाखविले नव्हते. दादा म्हणाले, “आपल्या गडावरून सगळे दिसते.” माई म्हणाल्या, “मग मला एकदा वर न्या.” एकोणऐंशीव्या वर्षी त्यांस वर कसे न्यावे, ह्याचा खल मग नाशिक येईपर्यंत चालला. अण्णांचे मत डोलीचे, मुलांचे मत खुर्चीचे. माघात जावयाचे ठरले आहे.